गाठीचा पत्ता आधी, नाव नंतर : हाडातली कूर्चेची गाठ ओळखताना

ऑक्टोबर छाटणी उरकली की नाशिकच्या हाडांच्या ओपीडीत खांदे येतात. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव, सगळीकडून. मांडवाखाली दिवसभर हात वर करून कात्री चालवली की पन्नाशीतला खांदा कुरकुरणारच. अशाच एका बाईंच्या खांद्याचा एमआरआय झाला. रिपोर्टात स्नायूच्या झिजेखाली आणखी एक ओळ होती : दंडाच्या हाडात वरच्या बाजूला ३ सेंटिमीटरची कूर्चेची गाठ, एनकाँड्रोमा (कूर्चेची सौम्य गाठ) किंवा लो ग्रेड काँड्रोसार्कोमा (कूर्चेचा सौम्य प्रतीचा कॅन्सर). मुलानं मोबाइलवर शोधलं, ‘सार्कोमा म्हणजे कॅन्सर’ एवढंच वाचलं, आणि त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

असं कुटुंब उद्या तुमच्या टेबलासमोर बसेल. नुकतंच एमबीबीएस उरकून सुरगाणा, पेठ, कळवणला बंधपत्रावर रुजू झालेले डॉक्टर, अस्थिरोग विभागातले पहिल्या वर्षाचे निवासी आणि फिजिओथेरपीची नवी मुलं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. नातेवाइकांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त हे वाचून घरच्या घरी एक्स-रेचा निकाल लावू नये.

कूर्चा म्हणजे काय ते आधी. मटणात दाताखाली कुरकुरतं ते पांढरट हाड. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून तिच्या गाठी सहसा सावकाश वाढतात, वर्षानुवर्षं गप्प बसतात, आणि त्यातली एखादी कॅन्सरची निघाली तर केमोथेरपीला फारशी दाद देत नाही. रेडिएशनलाही सहसा नाही. खरा इलाज ऑपरेशनच. त्यामुळे ओळखण्यात झालेली चूक पुढे औषधानं सावरून घेता येत नाही.

दुसरी अडचण सूक्ष्मदर्शकाखालची. साधा एनकाँड्रोमा आणि सर्वांत सौम्य काँड्रोसार्कोमा यांच्या पेशी इतक्या सारख्या दिसतात, की मुरलेल्या पॅथॉलॉजिस्टांमध्येही मतभेद होतात. बोटाच्या हाडातली निरुपद्रवी गाठ काचपट्टीवर भलतीच आक्रमक दिसू शकते आणि कमरेच्या हाडातली घातक गाठ अगदी साळसूद. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या वर्गीकरणानं तर हे नावातच आणून ठेवलं. तीच कमी प्रतीची गाठ हातापायाच्या लांब हाडात असेल तर तिला ‘अटिपिकल कार्टिलेजिनस ट्यूमर’ म्हणायचं, आणि ओटीपोटाच्या हाडात, मणक्यात किंवा कवटीच्या तळाशी असेल तर ‘काँड्रोसार्कोमा ग्रेड १’. काचपट्टी तशीच, फक्त पत्ता बदलला. म्हणून गाठीचं नाव विचारण्याआधी ती राहते कुठे ते विचारा.

पायरी १ : पत्ता आणि वय

केसपेपरवर वय असतंच, पण आपण ते वाचतो आणि विसरतो. इथे तसं चालणार नाही.

हाताच्या बोटांची आणि तळव्याची हाडं घ्या. या छोट्या हाडांत सर्वांत जास्त सापडणारी गाठ म्हणजे एनकाँड्रोमा. पोरगं क्रिकेट खेळताना बोटाला चेंडू लागतो, बोट सुजतं, एक्स-रेत हाड मोडलेलं दिसतं आणि मोडलेल्या जागी हाड फुगून आतून पातळ झालेलं असतं. घाबरू नका. बहुधा आधी हाड जुळू देतात आणि मग गरज पडली तर गाठ खरवडून काढतात. हातात घातक कूर्चागाठ क्वचितच होते. वय जास्त, हाडाची भिंत फुटून गाठ मांसात आलेली, आणि मार लागल्याची काहीच हकिकत नाही, असं सगळं एकत्र दिसलं तरच वर पाठवायची घाई करा.

आता उलटं टोक. ओटीपोटाचं हाड, खांद्याचं पातं, बरगडी, छातीचं मधलं हाड, मणका. इथे प्रौढ माणसात कूर्चेची गाठ दिसली, की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती घातक समजायची. काँड्रोसार्कोमाचं वय साधारण ४० ते ७०, आणि ओटीपोटाचं हाड ही त्याची आवडती जागा.

ही गोष्ट मी पुस्तकातून नाही, चुकून शिकलो. पंचावन्नच्या आसपासचे एक शेतकरी कंबर आणि मांडी दुखते म्हणून माझ्याकडे यायचे. मणक्याचा एमआरआय केला, त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यातली चकती सरकलेली होती. या वयात ती कुणाची सरकत नाही? मी गोळ्या, पट्टा, व्यायाम यांत चार महिने घालवले. ओटीपोटाचा एक साधा एक्स-रे काढायचं सुचलं नाही. एके दिवशी ते म्हणाले, “डॉक्टर, इथं कडक लागतंय,” आणि माझा हात धरून त्यांनी जांघेच्या वर ठेवला. तेव्हापासून मणक्याच्या रिपोर्टाशी न जुळणारं कंबरेचं दुखणं आलं, की मी ओटीपोटाचा एक्स-रे आधी मागतो. तुम्हीही मागा.

लांब हाडांत, म्हणजे मांडी, नडगी आणि दंड यांत, हाडाचा कोणता भाग ते बघायचं. सांध्याला लागून असलेल्या अगदी टोकात १० ते २५ वर्षांच्या मुलाला गाठ असेल आणि सांध्यात पाणी होत असेल, तर काँड्रोब्लास्टोमा मनात आणा. ही गाठ कॅन्सर नाही, पण दुखते भरपूर. आपल्याकडे तिचा घोळ वेगळाच होतो : गुडघा सुजलाय, पोरगं बारीक आहे, म्हणून टीबीची औषधं सुरू होतात आणि सहा महिन्यांनी गुडघा तसाच. सांध्याचा टीबी आपल्या भागात आहेच, त्यामुळे शंका चुकीची नसते. चूक असते ती नमुना न तपासता औषधं चालू करण्याची. हाडाच्या टोकातली अशीच गाठ तिशी-चाळिशीतल्या माणसाला दिसली तर काँड्रोब्लास्टोमा म्हणून सोडून देऊ नका. क्लियर सेल काँड्रोसार्कोमा नावाचा एक संथ कॅन्सर नेमका त्याच जागी, विशेषतः मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्यात, दबा धरून बसतो.

राहिला ऑस्टिओकाँड्रोमा. हाडांच्या सौम्य गाठींत हीच सर्वांत जास्त आढळते. गुडघ्याच्या वर किंवा खाली, नाहीतर दंडाच्या वरच्या टोकाजवळ, हाडाला कोंब फुटल्यासारखं टणक टेंगूळ. आई पोराला आंघोळ घालताना सापडतं. कोंब सांध्यापासून लांब जाणाऱ्या दिशेनं वळलेला असतो, आणि एक्स-रेत हाडाची भिंत आणि आतला मगज दोन्ही थेट कोंबात शिरलेले दिसतात. हा सलगपणा दिसला की निदान जवळजवळ झालं. मूल वाढतं तोवर कोंब वाढतो, मुलाची उंची थांबली की तोही थांबतो.

पायरी २ : दुखणं नक्की कुणाचं?

सौम्य एनकाँड्रोमा मोडला नसेल तर सहसा दुखत नाही. म्हणून ‘दुखतंय’ हा शब्द इथे महत्त्वाचा, पण तो ताडून घ्यायला हवा. गुडघ्याच्या एमआरआयत शंभरातल्या दोन-तीन जणांना अशी गाठ योगायोगानं सापडते. गुडघा दुखतो गादी फाटल्यामुळे, आणि दोष गाठीच्या माथी.

मी असं विचारतो. रात्री झोपेतून उठवतं का? हात किंवा पाय नुसता ठेवला तरी ठणकतं का? महिन्यामहिन्यानं वाढत चाललंय का? तिन्हींना ‘हो’ असेल तर गाठीवर संशय घ्या. हात वर नेला की दुखतं, कुशीवर झोपलं की दुखतं, खाली सोडला की बरं वाटतं, असं असेल तर बहुधा दुखणं स्नायूचं. शंका राहिलीच तर अस्थिरोगतज्ज्ञ खांद्याच्या स्नायूवरच्या पिशवीत भूल देणारं इंजेक्शन देऊन बघतात. दुखणं थांबलं तर ते गाठीचं नव्हतं. छाटणीवाल्या बाईंच्या बाबतीत हेच झालं.

कोंबाच्या दुखण्याला मात्र निरुपद्रवी कारणंही बरीच असतात. वर स्नायू घासून पाण्याची पिशवी तयार होते, कोंबाचा दांडा मोडतो, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला असेल तर नस दाबून पाऊल लुळं पडतं. पण पंचविशी ओलांडलेल्या माणसानं “हे लहानपणापासून होतं, आता दोन वर्षांत मोठं झालंय” असं म्हटलं, तर तेवढं एकच वाक्य पुढे पाठवायला पुरेसं आहे.

पायरी ३ : साधा एक्स-रे, नीट बघून

एमआरआयच्या जमान्यात एक्स-रेला कुणी विचारत नाही. कूर्चेच्या गाठीत मात्र तोच सर्वांत बोलका. दोन बाजूंनी काढा आणि हाड वरच्या सांध्यापासून खालच्या सांध्यापर्यंत पूर्ण येऊ द्या. आणि कृपा करून खिडकीच्या काचेवर फिल्म धरून काढलेला मोबाइल फोटो कुणाला मत मागायला पाठवू नका. त्यात ग्रीलचे गज दिसतात, हाड दिसत नाही.

पहिल्यांदा चुना शोधा. कूर्चेत साठणारा चुना गोल कड्या आणि अर्धवट कंसांसारखा दिसतो, कधी ज्वारीच्या लाह्या विखुरल्यासारखा. तो दिसला की गाठ कूर्चेची, एवढं कळलं. चांगली की वाईट हे त्यावरून कळत नाही. उलट जुन्या चुन्याच्या शेजारी एक नवीन काळा, चुना नसलेला भाग तयार झाला असेल तर सावध व्हा. वर्षानुवर्षं गप्प असलेली गाठ एकाएकी दुखू लागली आणि एक्स-रेत तिची अशी दोन तोंडं दिसली, तर डीडिफरन्शिएटेड काँड्रोसार्कोमा असू शकतो. या कुळातला हा सर्वांत वाईट. इथे आठवडाही घालवू नका.

मग हाडाची भिंत. गाठ आतून भिंत कुरतडत जाते. जुन्या वाड्याच्या भिंतीला लोणा लागून आतली माती झडावी, तशी. कुरतडलेला भाग भिंतीच्या जाडीच्या दोन-तृतीयांशापेक्षा खोल असेल, किंवा गाठीच्या लांबीभर पसरला असेल, तर लांब हाडात ती घातक असण्याची शक्यता बरीच वाढते. मात्र हा नियम डोळे मिटून लावायचा नाही. पोटरीच्या बारीक हाडात, किंवा गाठ मुळातच भिंतीला चिकटून वाढली असेल तर, सौम्य गाठही खोल खोदते. भिंत आरपार फुटून मांसात गोळा आला असेल, किंवा भिंत जाड होऊन हाड फुगलं असेल, तर मोजत बसायचं कारणच उरत नाही. आकारही बघावा. ५ सेंटिमीटरच्या पुढची गाठ जास्त संशयाची, पण नुसत्या आकारावर कुणाला घाबरवू नका.

आपल्या भागासाठी एक वेगळा इशारा. आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण आहेत आणि सिकलसेलमध्ये हाडाचा एखादा भाग रक्ताअभावी मरतो. मेलेल्या भागातला चुना एक्स-रेत कूर्चेच्या गाठीसारखा वाटू शकतो. फरक असा : मेलेल्या भागाला कडेनं नागमोडी पांढरी रेघ असते आणि मध्य मोकळा, तर कूर्चेच्या गाठीत चुना मधोमध आणि कडेला अशी रेघ नाही. सुरगाण्यासारख्या आदिवासी भागातला रुग्ण असेल तर गाठीची चर्चा करण्याआधी सिकलसेलची तपासणी झाली आहे का तेवढं विचारा.

पायरी ४ : एमआरआय आणि सीटी, कशासाठी कोणतं

भिंत किती कुरतडली आणि चुना कसा आहे, हे सीटीत स्वच्छ दिसतं. गाठ मगजात कुठवर पसरली आणि मांसात गेली का, हे एमआरआयत. एमआरआयच्या टी-टू, म्हणजे पाणी पांढरं दाखवणाऱ्या, चित्रात कूर्चा पांढरीशुभ्र आणि गोल गोल मण्यांची दिसते. द्राक्षाचा घड, नाशिककराला दुसरी उपमा कशी सुचावी! मण्यांच्या मधे पिवळ्या मगजाची चरबी शिल्लक दिसली तर ते सौम्यतेच्या बाजूचं चिन्ह. चरबी पार नाहीशी झाली असेल, भोवती सूज असेल, तर संशय वाढतो. काँड्रोब्लास्टोमा इथेही अपवाद : कॅन्सर नसूनही त्याच्या भोवती भरपूर सूज दिसते.

कोंबाच्या टोकावर कूर्चेची टोपी असते. प्रौढ माणसात ती २ सेंटिमीटरपेक्षा जाड भरली तर कॅन्सरची शक्यता गृहीत धरून पुढे जायचं. वाढत्या मुलात टोपी जाड असणं स्वाभाविक आहे. रिपोर्टात टोपीची जाडी लिहिलेली नसेल तर रेडिओलॉजिस्टला फोन करून विचारा. त्यांना राग येत नाही. उलट केसपेपरवर ‘गाठ, मत द्या’ एवढंच लिहून पाठवतो तेव्हा येतो. वय, दुखण्याचा प्रकार आणि जुना एक्स-रे सोबत दिला, तर ‘एनकाँड्रोमा किंवा काँड्रोसार्कोमा’ अशी दोन्ही दारं उघडी ठेवणारी रिपोर्टं बरीच कमी होतील.

पायरी ५ : गाठी एकाहून जास्त आहेत का?

शर्ट-पँट काढून तपासा, बोटांपासून पावलापर्यंत. अनेक कोंब असतील तर हा आनुवंशिक आजार असतो, ईएक्सटी-१ किंवा ईएक्सटी-२ या जनुकांतल्या दोषामुळे. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. वडिलांना सोबत बोलावलंत तर बऱ्याचदा त्यांचाच गुडघा टेंगळांनी भरलेला सापडतो, आणि “आमच्यात सगळ्यांनाच हाय” असं उत्तर मिळतं. एकटा कोंब बिघडण्याची शक्यता साधारण शंभरात एक. अनेक असतील तर त्याहून जास्त, म्हणून या माणसांना आयुष्यभर अधूनमधून तपासावं लागतं.

हाडांच्या आत अनेक एनकाँड्रोमा आणि बहुधा एकाच बाजूला, तर तो ओलिएचा आजार. त्यासोबत कातडीखाली रक्तवाहिन्यांच्या निळसर गाठी असतील तर माफुच्चीचा. इटलीच्या माफुच्चीनं तो १८८१मध्ये नोंदवला. हे दोन्ही आनुवंशिक नाहीत, पण यांतली गाठ पुढे घातक होण्याचा धोका एकट्या गाठीपेक्षा कितीतरी जास्त. अशा रुग्णाचं नाव वहीत वेगळं लिहून ठेवा.

पायरी ६ : सुई कुणी घालायची

इथे मी थोडा चिडून लिहिणार आहे. एका ठिकाणी एका शिक्षकाच्या मांडीच्या हाडातली गाठ ‘साधीच दिसतेय’ म्हणून सरळ खरवडली, पोकळीत सिमेंट भरलं आणि वर रॉड घातला. सीटी नाही, चर्चा नाही. तुकडा तपासायला पाठवला तो नंतर. उत्तर आलं काँड्रोसार्कोमा, ग्रेड २. तोवर रॉडनं गाठीच्या पेशी हाडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरवल्या होत्या. जे ऑपरेशन हाडाचा एक तुकडा काढून भागलं असतं, त्याला अख्खी मांडी द्यावी लागली. कूर्चेच्या पेशी मांसात सांडल्या की तिथेच रुजतात, हे ज्याला माहीत नाही त्यानं हाडातल्या गाठीला हात लावू नये.

अमेरिकेत हेन्री मॅन्किन आणि सहकाऱ्यांनी बायोप्सीतल्या चुकांचा दोनदा अभ्यास केला, १९८२मध्ये आणि पुन्हा १९९६मध्ये. अंतिम उपचार करणाऱ्या केंद्राऐवजी पाठवणाऱ्या रुग्णालयात बायोप्सी झाली, तर चुका आणि गुंतागुंत २ ते १२ पटींनी जास्त. चौदा वर्षांत यात फारसा फरक पडला नव्हता.

तेव्हा जो सर्जन शेवटचं ऑपरेशन करणार, त्यानं किंवा त्याच्या सांगण्यावरूनच बायोप्सी करावी. सुईची वाट पुढे गाठीसोबत कापून काढावी लागते, म्हणून छेद अवयवाच्या लांबीच्या दिशेनं घेतात, आडवा कधीच नाही. शिवाय एकाच गाठीत एक कोपरा सौम्य आणि दुसरा घातक असू शकतो. नमुना कुठून घ्यायचा हे चित्र बघून ठरतं, आणि पॅथॉलॉजिस्टला काचपट्टीबरोबर एक्स-रेही दाखवावा लागतो. बोटातल्या ठसठशीत एनकाँड्रोमाला किंवा सलग मगज दिसणाऱ्या कोंबाला बहुधा बायोप्सी लागतच नाही.

पायरी ७ : पाठवताना

संशय असेल तर आधी नाशिकमधल्या अस्थिरोगतज्ज्ञाचं मत घ्या. ओटीपोटाची किंवा मोठ्या हाडातली संशयित गाठ असेल, तर हाडांच्या कॅन्सरचं वेगळं पथक असलेल्या केंद्रात पाठवा. आपल्याकडून बहुतेक जण परळच्या टाटा मेमोरियलला जातात. पंचवटी एक्सप्रेसनं दादरला उतरलं की परळ जवळच. सगळ्या फिल्म आणि सीडी द्या, नुसते रिपोर्ट नकोत. बायोप्सी आधीच झाली असेल तर काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक त्या लॅबमधून मागून घ्या, नाहीतर माणूस मुंबईहून रिकामा परततो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा कसारा घाट उतरतो. काँड्रोसार्कोमा पसरतो तो मुख्यतः फुप्फुसांत, म्हणून छातीचा सीटी तिथे होईलच. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत असू द्या, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी लागतात.

घरच्यांना काय सांगायचं? ‘काही नाही’ म्हणू नका आणि ‘कॅन्सर’ही म्हणू नका. “हाडात कूर्चेची गाठ आहे, जागा अशी आहे की मोठ्या डॉक्टरांनी बघायला हवी” एवढं खरं आणि पुरेसं. मालिश करणारा, हाड बसवणारा, कुणालाही त्या जागेला चोळू देऊ नका, हे मात्र स्पष्ट सांगा.

पायरी ८ : ज्यांना कुठेच पाठवायचं नाही

जास्त रुग्ण याच खणातले. गाठ लहान, दुखणं तिचं नाही, भिंत शाबूत. ऑपरेशन नको. साधारण सहा महिन्यांनी एक्स-रे, बदल नसेल तर पुढे वर्षानं. दर वेळी त्याच कोनातून काढायचा आणि जुन्याशेजारी लावून बघायचा. नुसता नवा एक्स-रे बघून ‘आहे तशीच आहे’ म्हणणं म्हणजे अंदाज. म्हणून जुनी फिल्म रुग्णाच्याच घरी, कोरड्या जागी ठेवायला सांगा, पाकिटावर तारीख मोठ्या अक्षरात घालून. दवाखान्यातल्या रेकॉर्डवर विसंबू नका.

छाटणीवाल्या बाईंची फिल्म त्यांच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली असते. दर वर्षी ऑक्टोबर छाटणी संपली की घेऊन येतात. खांद्याचा व्यायाम मात्र करत नाहीत.